शेल स्क्रिप्ट एचटीटीपीवर उपलब्ध करणाऱ्या मुक्त स्रोत साधनांचे दस्तऐवजीकरण : गरज, उणिवा आणि सुधारणेच्या दिशा

सारांश :
दस्तऐवजीकरण म्हणजे आज्ञावली पूर्ण झाल्यावर उरकावयाचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकावरील शेल स्क्रिप्ट एचटीटीपीमार्गे इतरांना चालवू देणाऱ्या छोट्या मुक्त स्रोत साधनांच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो. अशा साधनाचा वापरकर्ता दस्तऐवजातील उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेतो आणि तेच उदाहरण पुढे सर्व्हरवर कायम चालू राहते. म्हणून दस्तऐवजातील उदाहरण हा साधनाच्या सुरक्षिततेचाच भाग मानावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी 'शेलटूएचटीटीपी' या साधनाचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : मुक्त स्रोत, दस्तऐवजीकरण, शेल स्क्रिप्ट, एचटीटीपी, सीजीआय, संगणक सुरक्षा.

१. प्रस्तावना :
युनिक्स आणि लिनक्स या संगणक प्रणालींमध्ये वापरकर्त्याच्या लेखी आज्ञा स्वीकारून त्या पार पाडणाऱ्या कार्यक्रमास 'शेल' असे म्हणतात. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवल्या की शेल स्क्रिप्ट तयार होते. डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते पाहणे, रात्री माहितीची प्रत काढून ठेवणे, एखाद्या यादीतून नाव शोधणे अशी कामे अशा स्क्रिप्टद्वारे होतात. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतही अशा स्क्रिप्ट असू शकतात. त्या बहुधा एखाद्या प्राध्यापकाने अथवा प्रयोगशाळा साहाय्यकाने गरजेपोटी लिहिलेल्या असतात.

हेच काम इतरांना ब्राउझरमधून करता यावे, अशी इच्छा पुढे स्वाभाविकपणे निर्माण होते. त्यासाठी संपूर्ण संकेतस्थळ उभारण्याऐवजी स्क्रिप्टलाच एचटीटीपीचा पत्ता देणारी साधने उपलब्ध आहेत. ती विनामूल्य असतात, आकाराने लहान असतात आणि एका ओळीच्या आज्ञेने सुरू होतात. ही सुलभताच त्यांची जमेची बाजू होय आणि त्यांच्या दस्तऐवजावर विशेष जबाबदारी येते तीही या सुलभतेमुळेच.

२. साधनाचे स्वरूप व कार्यपद्धती :
वेब सर्व्हरने दुसरा कार्यक्रम चालवून त्याचे उत्तर ब्राउझरला द्यावे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरच्या निमित्ताने १९९३ मध्ये 'कॉमन गेटवे इंटरफेस' म्हणजेच सीजीआय ही पद्धत पुढे आली. तिचे तपशीलवार वर्णन ऑक्टोबर २००४ मध्ये आरएफसी ३८७५ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. विनंतीतील माहिती 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणून कार्यक्रमाकडे सोपवावयाची आणि कार्यक्रमाने छापलेला मजकूर उत्तर म्हणून परत पाठवावयाचा, हे तिचे मुख्य सूत्र आहे.

'शेलटूएचटीटीपी' हे गो भाषेत लिहिलेले साधन याच सूत्राचे सुटसुटीत रूप आहे. साधन सुरू करताना पत्त्याचा भाग आणि शेलची आज्ञा अशी जोडी द्यावयाची असते. उदाहरणार्थ, '/डेट' या पत्त्यापुढे तारीख दाखविणारी आज्ञा दिली की तो पत्ता उघडणाऱ्याला सर्व्हरवरील तारीख दिसते. 'फॉर्म' हा पर्याय निवडल्यास ब्राउझरमधून आलेली मूल्ये 'व्ही' हे अक्षर व अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या नावांच्या व्हेरिएबलमध्ये मिळतात. याशिवाय पासवर्ड, कालमर्यादा, एका वेळी एकच आज्ञा चालविणे, मूल्यांची नमुन्याशी पडताळणी इत्यादी पर्याय आहेत.

थोडक्यात, साधन सुरू करण्यास फारच थोडे ज्ञान पुरते, परंतु ते सुरक्षितपणे चालविण्यास शेल, नेटवर्क आणि एचटीटीपी या तिन्हींचे ज्ञान लागते. हे अंतर भरून काढणे हेच दस्तऐवजाचे खरे कार्य होय.

३. दस्तऐवजीकरणाची परंपरा :
युनिक्सच्या जगात दस्तऐवजीकरणाची परंपरा जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या 'युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल'च्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीत प्रत्येक आज्ञेचे नाव, लिहिण्याची पद्धत, वर्णन, संबंधित फाइल आणि संबंधित इतर आज्ञा ठरावीक क्रमाने दिलेल्या आढळतात. विशेष उल्लेखनीय गोष्ट अशी की, 'बग्ज' म्हणजे ज्ञात दोष व मर्यादा यांसाठी तीत स्वतंत्र शीर्षक आहे. आपल्या कृतीतील उणीव वाचकापासून न लपविता तिला ठरलेली जागा देणे, हा या परंपरेचा मौलिक संस्कार म्हणावा लागेल.

अलीकडील छोट्या मुक्त स्रोत साधनांचा दस्तऐवज मात्र बहुधा 'रीडमी' नावाच्या एकाच फाइलमध्ये सामावलेला असतो. परिचय, स्थापना, पर्यायांची यादी आणि काही आकर्षक उदाहरणे असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. साधन काय करू शकते हे तीतून चटकन कळते. ते काय करीत नाही आणि कोणती काळजी वापरकर्त्यावर सोपविते, हे सांगणारी जागा मात्र अनेकदा राहून जाते.

४. पूर्वानुभवांचे धडे :
या उणिवेचे महत्त्व कळण्यासाठी तीन घटनांचा विचार उपयुक्त ठरेल.

अ) पीएचएफ (१९९६) : एनसीएसए आणि अपाची या वेब सर्व्हरसोबत 'पीएचएफ' नावाचा सीजीआय कार्यक्रम नमुना म्हणून दिला जात असे. तो दूरध्वनी सूचीत नाव शोधत असे. ब्राउझरमधून आलेल्या मजकुरातील धोकादायक चिन्हे निष्प्रभ करण्याची व्यवस्था त्यात होती, परंतु नव्या ओळीचे चिन्ह त्या यादीतून सुटले होते. परिणामी नाव लिहिण्याच्या जागी नवी ओळ आणि तिच्यापुढे आज्ञा लिहून पाठविणाऱ्यास ती आज्ञा सर्व्हरवर चालविता येत असे. १९९६ मध्ये सर्ट या संस्थेने याबाबत इशारा प्रसिद्ध केला. येथे दोष सर्व्हरच्या गाभ्यात नव्हता, तो सोबत दिलेल्या उदाहरणात होता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

ब) वेब ॲक्सेलरेटर (२००५) : गूगलने २००५ मध्ये 'वेब ॲक्सेलरेटर' हे साधन उपलब्ध केले. वापरकर्ता पुढे कोणता दुवा उघडेल याचा अंदाज घेऊन ते पाने आधीच मागवून ठेवीत असे. ज्या संकेतस्थळांवर 'नोंद काढून टाका' ही क्रिया साध्या दुव्यावर बेतलेली होती, तेथे कोणीही कळ न दाबता नोंदी पुसल्या गेल्या. 'गेट' या पद्धतीच्या विनंतीने केवळ माहिती मिळवावी, तिने बदल घडवू नये, हे संकेत जून १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये नमूद होते. मात्र नियम प्रसिद्ध होणे आणि तो वापरकर्त्याच्या हाताशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

क) शेलशॉक (२०१४) : सप्टेंबर २०१४ मध्ये 'बॅश' या शेलमधील एक गंभीर दोष उघडकीस आला. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये विशिष्ट रचनेचा मजकूर आल्यास बॅश सुरू होतानाच त्यातील आज्ञा चालवीत असे. हा दोष १९८९ पासून बॅशमध्ये होता. सीजीआयमध्ये ब्राउझरने पाठविलेली शीर्षके व्हेरिएबल म्हणून शेलकडे जात असल्याने दूरवरून आज्ञा चालविणे शक्य झाले. अशा प्रसंगी प्रत्येक व्यवस्थापकापुढे एकच प्रश्न होता : आपल्या साधनाकडून बाहेरची माहिती शेलपर्यंत नेमकी कोणत्या मार्गाने जाते? ज्या साधनाच्या दस्तऐवजात याचे उत्तर लिहिलेले असते, त्याचा वापरकर्ता तत्काळ निर्णय घेऊ शकतो. इतरांना मूळ संहिता वाचीत बसावे लागते.

५. सुधारणेचे प्रमुख मुद्दे :
वरील विवेचनाच्या आधारे अशा साधनाच्या दस्तऐवजात पुढील बाबींना अग्रस्थान मिळणे आवश्यक वाटते.

१) पहिले उदाहरण सुरक्षित असावे : वाचक सर्वप्रथम पहिले उदाहरण उतरवून घेतो आणि ते चालले की पुष्कळदा पुढील मजकूर वाचीत नाही. शेलटूएचटीटीपीमध्ये 'होस्ट' पर्याय न दिल्यास साधन ८०८० या पोर्टवर संगणकाच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर विनंत्या स्वीकारू लागते. म्हणजे प्रयोगशाळेतील एका संगणकावर करून पाहिलेला प्रयोग, मध्ये फायरवॉलची आडकाठी नसल्यास, त्या नेटवर्कवरील प्रत्येकाला खुला होतो. म्हणून पहिल्याच उदाहरणात १२७.०.०.१ हा केवळ त्याच संगणकापुरता पत्ता नमूद करावा. इतरांसाठी साधन खुले करण्याची कृती पुढील स्वतंत्र परिच्छेदात, तिच्या परिणामांसह सांगावी.

२) आज्ञा कोणाच्या अधिकाराने चालते ते सांगावे : ब्राउझरमधून पत्ता उघडणारी व्यक्ती कोणीही असो, स्क्रिप्ट ही साधन सुरू करणाऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते. साधन 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने सुरू केले असेल, तर प्रत्येक विनंतीला तो अधिकार लाभतो. म्हणून मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते कसे निर्माण करावे, हे स्थापनेच्या टप्प्यातच सांगणे इष्ट होय.

३) मजकूर आणि आज्ञा यांतील सीमारेषा स्पष्ट करावी : कार्यालयाच्या खिडकीवर आलेल्या अर्जातील नाव लिपिकाने नोंदवून घ्यावयाचे असते. तो जर अर्जातील प्रत्येक वाक्य वरिष्ठांचा आदेश समजून अमलात आणू लागला, तर कार्यालयाचा ताबा अर्जदाराकडे जाईल. शेलच्या बाबतीत नेमका हाच धोका असतो. व्हेरिएबलचे मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत वापरल्यास ते एकसंध मजकूर म्हणून राहते. अवतरणचिन्हे गाळल्यास शेल त्याचे रिकाम्या जागांवर तुकडे करतो आणि तारांकनासारख्या चिन्हांचा फाइलींच्या नावांत विस्तार करतो. तेच मूल्य 'इव्हॅल' या आज्ञेकडे दिल्यास ते प्रत्यक्ष आज्ञा म्हणून चालते. अवतरणचिन्हे असूनही मूल्य आडव्या रेषेने सुरू होत असेल, तर पुढील कार्यक्रम त्याला स्वतःचा पर्याय समजू शकतो. हे टाळण्यासाठी अनेक आज्ञांमध्ये मूल्यापूर्वी दोन आडव्या रेषा देण्याची सोय असते. चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी मांडून हे चार प्रकार दाखविल्यास वाचकाला अनेक पानांच्या सिद्धान्तापेक्षा अधिक लाभ होईल. मूल्ये ठरावीक नमुन्याशी जुळली तरच पुढे जाऊ देणारा 'फॉर्म-चेक' पर्यायही येथेच समजावून द्यावा.

४) दोन शेलमधील फरक दाखवावा : साधन सुरू करताना लिहिलेली ओळ प्रथम व्यवस्थापकाचा शेल वाचतो, विनंती आल्यावर तीतील आज्ञा दुसरा शेल वाचतो. बाहेरील अवतरणचिन्हे एकेरी असतील, तर व्हेरिएबलचे नाव दुसऱ्या शेलपर्यंत जसेच्या तसे पोहोचते. ती दुहेरी असतील, तर पहिलाच शेल तेथे मूल्य भरावयास जातो आणि त्या क्षणी ते रिकामे असल्याने पुढे रिकामी जागाच उरते. नवशिक्या वापरकर्त्याला उत्तर कोरे का येते, हे कितीही विचार करून कळत नाही. एका परिच्छेदाच्या खुलाशाने हा घोळ टळतो.

५) 'गेट' व 'पोस्ट' यांचे विवेकाने योजन करावे : साधनात पत्त्यापूर्वी विनंतीची पद्धत लिहिण्याची सोय आहे. पुसणे, लिहिणे, पुन्हा सुरू करणे अशा बदल घडविणाऱ्या प्रत्येक उदाहरणात 'पोस्ट' पद्धतच वापरावी. २००५ ची घटना येथे कारणासह सांगता येईल.

६) अपयश कसे कळते ते सांगावे : शेलच्या परिभाषेत शून्य हा यशाचा आणि इतर आकडे अपयशाचे निदर्शक असतात. एचटीटीपीमध्ये हेच काम २०० व ५०० यांसारखे संकेत करतात. स्क्रिप्ट अपयशी ठरल्यास ५०० हा संकेत द्यावा, यासाठी शेलटूएचटीटीपीमध्ये स्वतंत्र पर्याय आहे. म्हणजेच तो निवडल्याशिवाय हा संकेत गृहीत धरता येत नाही. रात्री माहितीची प्रत काढणारी स्क्रिप्ट डिस्क भरल्यामुळे बंद पडली आणि देखरेख करणारा कार्यक्रम केवळ एचटीटीपीचा संकेत पाहत असेल, तर सर्व काही सुरळीत आहे असाच त्याचा समज होईल. चूक लक्षात येते ती प्रत परत मिळविण्याची वेळ आल्यावर. यास्तव हा पर्याय यादीच्या तळाशी न ठेवता मुख्य विवेचनात आणावा.

७) संरक्षणाच्या मर्यादाही सांगाव्यात : 'बेसिक ऑथ' या पद्धतीत नाव व पासवर्ड केवळ वेगळ्या लिपीत बदलून पाठविले जातात, ते गुप्त होत नाहीत. म्हणून प्रमाणपत्राच्या आधारे एचटीटीपीएस सुरू केल्याशिवाय पासवर्डवर विसंबू नये, ही सूचना पासवर्डच्या उदाहरणालगतच असावी.

६. वाचकानुसार मांडणी :
हे सर्व मुद्दे एकाच फाइलमध्ये भरल्यास ती वाचनीय राहणार नाही, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. या संदर्भात दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली 'डायटॅक्सिस' ही चौकट उपयुक्त ठरते. तीनुसार दस्तऐवजाचे चार प्रकार पडतात : शिकणाऱ्यासाठी पाठ, काम करणाऱ्यासाठी कृतिमार्गदर्शन, शोधणाऱ्यासाठी संदर्भसूची आणि समजून घेऊ इच्छिणाऱ्यासाठी विवेचन. प्राध्यापकवर्गाला ही विभागणी अपरिचित वाटू नये. पाठ्यपुस्तक, प्रयोगपुस्तिका, शब्दकोश आणि विवेचक ग्रंथ यांची कामे वेगवेगळी असतात आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतल्यास विद्यार्थी गोंधळतो.

छोट्या साधनाला चार ग्रंथांची गरज नाही. चार पाने पुरेशी आहेत. पहिल्या पानावर स्वतःच्या संगणकापुरता सुरक्षित पाठ, दुसऱ्यावर प्रत्यक्ष कामांच्या कृती, तिसऱ्यावर प्रत्येक पर्यायाचे पूर्वनिर्धारित मूल्य व परिणाम, चौथ्यावर अधिकार व सीमारेषा यांचे विवेचन आणि जुन्या मॅन्युअलच्या धर्तीवर ज्ञात दोष, अशी मांडणी करता येईल.

७. नवशिक्या वाचकाची कसोटी :
दस्तऐवज पुरेसा आहे किंवा नाही हे ठरविण्यास साधनाचा निर्माता अपात्र असतो. जे त्याला ठाऊक आहे ते वाचकाला ठाऊक नाही, हेच त्याच्या ध्यानात येत नाही. मुंबईतील आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाने या अडचणीवर व्यवहार्य उपाय योजलेला दिसतो. मुक्त स्रोत आज्ञावलींचे साधारण दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ हा प्रकल्प तयार करतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते उपलब्ध करतो. पाठाची संहिता ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी ती एखाद्या नवशिक्या व्यक्तीकडून तपासून घेण्याचा टप्पा त्याच्या कार्यपद्धतीत आहे. जाणकाराने तपासल्यावर चुका सापडतात. नवशिक्याने तपासल्यावर गाळलेल्या पायऱ्या सापडतात.

हीच कसोटी प्रस्तुत साधनाला लावता येईल. शेलची प्राथमिक ओळख असलेल्या विद्यार्थ्याने दस्तऐवजाखेरीज कोणतीही मदत न घेता साधन सुरू करावे, एक फॉर्म चालवावा, मुद्दाम चुकीचे मूल्य पाठवावे आणि काय घडले ते लिहून काढावे. तो जेथे अडखळला ती प्रत्येक जागा दस्तऐवजातील उणीव समजावी. तसेच नवी आवृत्ती निघण्यापूर्वी दस्तऐवजातील सर्व उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहणे हा प्रकाशनप्रक्रियेचा भाग असावा. अन्यथा आज्ञावली पुढे जाते आणि दस्तऐवज मागे राहतो.

८. सुधारणा कोणी करावी? :
गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या मुक्त स्रोत सर्वेक्षणात अपुरा अथवा कालबाह्य दस्तऐवज ही समस्या ९३ टक्के प्रतिसादकांना जाणवल्याचे दिसले. त्याच वेळी ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण दस्तऐवजात क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही, असे सांगितले. तक्रार सार्वत्रिक आणि श्रम मात्र मोजक्यांचे, असे हे चित्र आहे.

हे काम करण्यास महाविद्यालये अनेक दृष्टींनी योग्य ठिकाण आहेत. तेथे नवशिके वाचक दरवर्षी नव्याने उपलब्ध होतात, सुबोध मांडणी हा अध्यापकाचा नित्याचा व्यवसाय असतो आणि भाषा व संगणक हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात नवी आज्ञावली लिहिण्याऐवजी उपलब्ध साधनाच्या दस्तऐवजाची तपासणी व सुधारणा हा विषय देता येईल. त्याचे मूल्यमापनही सोपे आहे, कारण सुधारित दस्तऐवज वाचून दुसऱ्या विद्यार्थ्याला काम जमते की नाही, हे प्रत्यक्ष पाहता येते.

अर्थात दस्तऐवजाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. एकच इशारा पुन्हा पुन्हा द्यावा लागत असेल, तर पूर्वनिर्धारित मूल्यच बदलणे अधिक श्रेयस्कर असते. परंतु असे बदल जुन्या वापरकर्त्यांची व्यवस्था मोडू शकतात आणि म्हणून ते विचारपूर्वक, लेखी सूचनेसह करावे लागतात. कोणते मूल्य बदलले पाहिजे, हेदेखील बहुधा दस्तऐवज लिहितानाच उमगते. जे समजावून सांगणे अवघड जाते, त्याची रचनाच पुन्हा तपासण्याची गरज असते.

९. निष्कर्ष :
१) शेल स्क्रिप्ट एचटीटीपीवर आणणाऱ्या साधनात दस्तऐवजातील उदाहरण हेच पुष्कळदा प्रत्यक्ष वापराचे स्वरूप ठरविते. म्हणून उदाहरणाची तपासणी संहितेइतक्याच काटेकोरपणे व्हावी.
२) साधनाच्या क्षमतांइतकेच त्याच्या मर्यादा, पूर्वनिर्धारित मूल्ये, अधिकार आणि अपयशाचे संकेत यांना दस्तऐवजात स्थान मिळावे.
३) दस्तऐवजाची पर्याप्तता निर्मात्याने न ठरविता नवशिक्या वाचकाच्या प्रत्यक्ष कृतीवरून ठरवावी.
४) महाविद्यालयीन प्रकल्पांतून हे काम झाल्यास मुक्त स्रोत समुदायाला उपयुक्त दस्तऐवज मिळेल आणि विद्यार्थ्यांना आपले लिखाण दुसऱ्याच्या हाती कसे चालते हे पाहण्याची संधी मिळेल.

१९९६ मध्ये ज्यांच्या सर्व्हरवर पीएचएफ होता, त्यांपैकी अनेकांनी तो मुद्दाम निवडलेला नव्हता. तो सर्व्हरसोबत आला आणि तसाच राहिला. आज दस्तऐवजातून उतरविलेली एक ओळ अशाच रीतीने वर्षानुवर्षे चालू राहू शकते. ती ओळ लिहिणाऱ्याने हे भान ठेवावे, एवढीच अपेक्षा.